राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर: कोणतं कलम आधी, कोणतं नंतर

"राष्ट्रपतींचं पदावर असताना निधन झालं, तर उपराष्ट्रपती उरलेल्या मुदतीसाठी राष्ट्रपती होतात." राज्यसेवेच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मला प्रत्येक बॅचमध्ये सापडतं. वाक्य एक आणि चुका दोन. उपराष्ट्रपती राष्ट्रपती 'होत' नाहीत, आणि या पदाच्या बाबतीत 'उरलेली मुदत' अशी गोष्टच आपल्या राज्यघटनेत नाही.

२१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला, तेव्हा गोंधळ उलट्या बाजूनं झाला. "मग आता सरन्यायाधीश उपराष्ट्रपतींचं काम बघणार ना?" असं चांगली तयारी झालेली मुलंही विचारत होती. बघणार नव्हते. सरन्यायाधीशांचा नियम वेगळ्या प्रसंगासाठी आहे.

या मुलांची कलमं पाठ असतात. चुकतो तो क्रम. प्रश्न वाचला की सगळे आधी 'कोण येणार?' याकडे धावतात. खरा पहिला प्रश्न 'नेमकं घडलं काय?' हा आहे. त्याचं उत्तर ठरल्याशिवाय पुढचं कुठलंच कलम हातात घ्यायचं नाही. खालचे टप्पे त्याच क्रमानं लावले आहेत. परीक्षेसाठी वाचत असाल किंवा बातमी लिहायला बसला असाल, तरी क्रम हाच.

## तयारी: एका कागदावर चार कप्पे

राज्यघटनेचा भाग ५ उघडा. आपल्याला लागणारी बहुतेक कलमं ५२ ते ७१ या पट्ट्यात आहेत. ती आकड्यांच्या क्रमानं पाठ करू नका. कागदावर चार कप्पे आखा आणि प्रत्येक कलम आपल्या शब्दांत एका ओळीत त्या त्या कप्प्यात टाका.

पहिला कप्पा: पद कसं सुटतं. इथे कलम ५६, ६१ आणि ७१.

दुसरा कप्पा: मधल्या काळात काम कोण करतं. इथे कलम ६५, ७०, शपथेचं कलम ६०, आणि 'राष्ट्रपती (कार्यनिर्वहन) अधिनियम, १९६९' हा छोटा कायदा.

तिसरा कप्पा: नवी निवडणूक कधी आणि किती मुदतीसाठी. कलम ६२, आणि राष्ट्रपती व उपराष्ट्रपती निवडणुकांचा १९५२ चा कायदा.

चौथा कप्पा: राज्यसभेत सभापतींच्या खुर्चीवर कोण बसतं (एरवी उपराष्ट्रपतीच). कलम ६४ आणि ९१. हा कप्पा नव्वद टक्के मुलं आखतच नाहीत आणि तिथेच गुण सोडून येतात.

उपराष्ट्रपतींच्या स्वतःच्या पदाची कलमं, म्हणजे ६६ ते ६८, याच कागदावर लिहू नका. त्यांच्यासाठी वेगळा कागद घ्या. का ते शेवटच्या टप्प्यात कळेल.

सावधान: कलम ६५ वाचताना क्रियापदावरून नजर घसरू देऊ नका. पद रिकामं असेल तर उपराष्ट्रपती 'राष्ट्रपती म्हणून कार्य करतात'. राष्ट्रपती पदावर आहेत पण काम करू शकत नाहीत, अशा वेळी उपराष्ट्रपती त्यांची 'कार्ये पार पाडतात'. आपण बोलताना दोन्हींना 'हंगामी राष्ट्रपती' म्हणून मोकळे होतो. घटनेनं मात्र दोन वेगळी उपकलमं लिहिली आहेत.

## टप्पा १: घटना तीनपैकी कोणत्या प्रकारची, ते ठरवा

राष्ट्रपतिपदाबाबत तीनच परिस्थिती संभवतात. एक, पाच वर्षांची मुदत संपली. दोन, मुदत संपायच्या आत पद सुटलं. तीन, पद सुटलेलं नाही, पण व्यक्ती काम करू शकत नाही.

पहिल्या परिस्थितीत लोक सर्वांत जास्त घसरतात. मुदत संपली आणि काही कारणानं नवे राष्ट्रपती अजून आले नाहीत, तर काय? "उपराष्ट्रपती सूत्रं घेतील" हे उत्तर चूक आहे. कलम ५६ सांगतं, की मुदत संपली तरी उत्तराधिकारी पद ग्रहण करेपर्यंत मावळते राष्ट्रपतीच पदावर राहतात. पद रिकामं होतच नाही, त्यामुळे कलम ६५ लागायचा प्रश्न येत नाही.

पण म्हणून निवडणूक लांबवता येते असंही नाही. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं कलम ६२ चं पहिलं उपकलम सांगतं. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त झालेली होती आणि एका राज्याचे आमदार नसताना निवडणूक घ्यायची की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी गेला. न्यायालयानं सांगितलं, की विधानसभा बरखास्त असली तरी निवडणूक मुदतीतच व्हायला हवी. मतदारगणातली (राष्ट्रपती निवडणाऱ्या खासदार-आमदारांमधली) एखादी जागा रिकामी आहे, या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येत नाही, हे कलम ७१ मध्येही आहे.

तपासा: तुमच्या उत्तरातलं पहिलं वाक्य परिस्थितीचं नाव घेतं का? 'मुदत संपली', 'पद रिक्त झालं' की 'असमर्थता'? घेत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पद सुटलं असेल तर कसं, ते लिहा

मृत्यू, राजीनामा, पदावरून दूर केलं जाणं (म्हणजे महाभियोग) आणि 'अन्य कारण', या चार वाटा आहेत.

मृत्यूची दोन उदाहरणं आहेत. डॉ. झाकिर हुसेन यांचं ३ मे १९६९ रोजी निधन झालं, आणि फक्रुद्दीन अली अहमद यांचं ११ फेब्रुवारी १९७७ रोजी.

राजीनाम्याचं एकही उदाहरण नाही, तरी पद्धत नीट माहीत हवी. राष्ट्रपती स्वतःच्या सहीनं, उपराष्ट्रपतींना उद्देशून राजीनामा लिहितात. तो मिळाला की उपराष्ट्रपतींनी लगेच लोकसभा अध्यक्षांना कळवायचं असतं. पंतप्रधानांना नाही, सरन्यायाधीशांनाही नाही. आणि 'राजीनामा स्वीकारला' असा शब्दप्रयोग करू नका. स्वीकारण्याची पायरी कलमात नाही.

महाभियोगाची पायरी पायरीनं मांडणी अशी:

१. आरोप फक्त एकाच कारणावरून, 'घटनेचा भंग'. तो दोनपैकी कोणतंही सभागृह ठेवू शकतं.
२. त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीची लेखी सूचना, आणि ठरावापूर्वी किमान १४ दिवस.
३. ठराव एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमतानं मंजूर. 'हजर आणि मतदान करणाऱ्यांच्या' दोन तृतीयांश नव्हे. ही चूक कायमची काढून टाका.
४. दुसरं सभागृह आरोपांची चौकशी करतं किंवा करवून घेतं. राष्ट्रपतींना तिथे उपस्थित राहण्याचा आणि आपली बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी देण्याचा हक्क असतो.
५. दुसऱ्या सभागृहानंही त्याच बहुमतानं आरोप सिद्ध झाल्याचा ठराव केला, की ठरावाच्या तारखेपासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात.

आजवर कोणत्याही राष्ट्रपतींना असं दूर केलेलं नाही.

'अन्य कारण' म्हणजे उदाहरणार्थ सर्वोच्च न्यायालयानं निवडणूकच रद्द ठरवणं. तसं झालं तरी त्या तारखेपर्यंत त्या राष्ट्रपतींनी केलेली कामं रद्द होत नाहीत.

## टप्पा ३: असमर्थता असेल तर ती कोण ठरवतं, तिथे थांबा

घाईत ओलांडला जातो तो हा टप्पा. इथे मुलं घटनेत नसलेल्या गोष्टी लिहितात, म्हणून जरा जास्त वेळ द्या.

कलम ६५ च्या दुसऱ्या उपकलमात तीन शब्द आहेत: अनुपस्थिती, आजारपण किंवा अन्य कोणतंही कारण. यांपैकी कशामुळेही राष्ट्रपती काम करू शकत नसतील, तर ते पुन्हा कामावर रुजू होईपर्यंत उपराष्ट्रपती त्यांची कार्ये पार पाडतात. बस, इतकंच. राष्ट्रपती काम करण्यास असमर्थ आहेत हे कोणी ठरवायचं? वैद्यकीय मंडळानं? मंत्रिमंडळानं? संसदेनं? कलम यावर काहीच बोलत नाही.

प्रथा अशी, की हे राष्ट्रपती स्वतः ठरवतात आणि कळवतात. जून १९६० मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्यांची कार्ये पार पाडली. १९६१ मध्ये राजेंद्रबाबू गंभीर आजारी पडले, तेव्हा ही जबाबदारी पुन्हा राधाकृष्णन यांच्याकडे आली. ऑक्टोबर १९८२ मध्ये ग्यानी झैलसिंग हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत गेले, तेव्हा उपराष्ट्रपती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी ते काम पाहिलं.

सावधान: 'अनुपस्थिती' हा शब्द पाहून 'राष्ट्रपती परदेशी गेले की उपराष्ट्रपती आपोआप सूत्रं घेतात' असं लिहू नका. आज राष्ट्रपती परदेश दौऱ्यावर जातात तेव्हा दर वेळी उपराष्ट्रपतींना शपथ दिली जात नाही. कसोटी आहे ती काम पार पाडता न येण्याची. देशाबाहेर असणं एवढ्यानं ती पूर्ण होत नाही.

आता अवघड प्रश्न. राष्ट्रपती बेशुद्ध आहेत, कळवूच शकत नाहीत, तर? किंवा ते काम करू शकत नाहीत हे सगळ्यांना दिसतं आहे, पण त्यांना स्वतःला मान्य नाही, तर? महाभियोग इथे चालत नाही. आजारपण म्हणजे घटनेचा भंग नव्हे. आजारी माणसावर आरोपपत्र ठेवण्याची कल्पनाही करवत नाही. अशा वेळी असमर्थता जाहीर करण्याची कोणतीही कार्यपद्धती आपल्या घटनेत लिहिलेली नाही. उत्तरात हे स्पष्ट शब्दांत लिहा. मला ही खरी आणि गंभीर उणीव वाटते. सरकार पडण्याच्या किंवा बनण्याच्या दिवसांत असा प्रसंग आला, तर शपथ कोण देणार, वटहुकमावर सही कोण करणार, हे वादात सापडेल. कलम ७० (घटनेत न सांगितलेल्या प्रसंगांची सोय संसदेला करू देणारं कलम) याखाली कायदा करून किंवा घटनादुरुस्ती करून संसदेनं हे आधीच, शांत काळात ठरवायला हवं. पण हे माझं मत आहे. तुम्ही लिहाल तेव्हाही ते 'मत' म्हणूनच लिहा, तरतूद म्हणून नाही.

ही पोकळी भरायला मुलं नकळत अमेरिकेची तरतूद उचलतात. तिथे १९६७ साली लागू झालेली पंचविसावी घटनादुरुस्ती आहे. तिचे चार भाग आहेत. अध्यक्षपद रिकामं झालं की उपाध्यक्ष खरोखरच अध्यक्ष होतात आणि उरलेली मुदत पूर्ण करतात. उपाध्यक्षपद रिकामं झालं तर अध्यक्ष नाव सुचवतात आणि संसदेची दोन्ही सभागृहं ते मंजूर करतात. अध्यक्ष स्वतः लेखी कळवून तात्पुरते अधिकार उपाध्यक्षांकडे देऊ शकतात. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी जो बायडन यांच्या वैद्यकीय तपासणीच्या वेळी कमला हॅरिस यांच्याकडे सुमारे ८५ मिनिटं असे अधिकार होते. आणि चौथा भाग असा, की उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत मिळून अध्यक्ष असमर्थ असल्याचं लेखी कळवू शकतात. तो भाग आजवर कधी वापरला गेलेला नाही.

यातली एकही गोष्ट भारताला लागू नाही. 'उरलेली मुदत' ही कल्पना आपल्या उत्तरांत येते ती तिथूनच. बातम्यांमध्ये अमेरिकेची चर्चा जास्त होते आणि ती डोक्यात बसते. माझ्या वर्गात मी दोन वेगळ्या रंगांच्या वह्या करायला सांगतो, एक भारताची, एक अमेरिकेची. उपाय साधा आहे, पण उपयोगी पडतो.

तपासा: तुमच्या उत्तरात 'मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना असमर्थ ठरवतं' किंवा 'वैद्यकीय मंडळ' असं काही आलं आहे का? असेल तर खोडा.

## टप्पा ४: आता ठरवा, काम कोण करणार

क्रम तीन पायऱ्यांचा आहे. उपराष्ट्रपती, तेही पद रिकामं असेल तर भारताचे सरन्यायाधीश, सरन्यायाधीश नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध असलेले ज्येष्ठतम न्यायाधीश. पंतप्रधान या क्रमात नाहीत. लोकसभा अध्यक्षही नाहीत. सभागृहाच्या अध्यक्षांकडे जाणारा क्रम अमेरिकेचा.

यातली फक्त पहिली पायरी घटनेत आहे. दुसरी आणि तिसरी १९६९ च्या कायद्यातून येते, आणि तो कायदा कलम ७० च्या आधारावर उभा आहे. 'घटनेनुसार सरन्यायाधीश' असं लिहिलंत तर ते अर्धवट ठरतं. 'कलम ७० खाली संसदेनं केलेल्या १९६९ च्या कायद्यानुसार' असं लिहा.

हा कायदा कसा आला, एवढं माहीत असलं की क्रम आयुष्यभर विसरत नाही. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन गेले आणि त्याच दिवशी उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राष्ट्रपती म्हणून कार्य करण्याची शपथ घेतली. आता गिरींच्याही बाबतीत काही घडलं तर कोण, याचं उत्तर घटनेत नव्हतं. म्हणून त्याच मे महिन्यात संसदेनं हा कायदा केला. दोन महिन्यांच्या आत तो वापरावा लागला. गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी २० जुलै १९६९ रोजी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सूत्रं घेतली. २४ ऑगस्टला निवडून आलेले गिरी राष्ट्रपती म्हणून शपथबद्ध झाले, तोवर हिदायतुल्लांनी काम पाहिलं. याच हिदायतुल्लांनी पुढे १९८२ मध्ये उपराष्ट्रपती म्हणून राष्ट्रपतींची कार्ये पार पाडली, म्हणजे एकाच व्यक्तीनं दोन वेगळ्या नियमांखाली हे काम केलं. विदर्भातल्या वाचकांना त्यांचं नाव परकं वाटायला नको. ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

इथे एक बारीक चूक होते: 'निवडणूक लढवायची म्हणून गिरींना राजीनामा द्यावाच लागला' असं लिहिलं जातं. कलम ५८ च्या स्पष्टीकरणानुसार उपराष्ट्रपतिपद हे या निवडणुकीसाठी लाभाचं पद, म्हणजे उमेदवाराला अपात्र करणारं सरकारी पद, धरलं जात नाही. भैरोंसिंह शेखावत यांनी २००७ मध्ये उपराष्ट्रपतिपदावर असतानाच प्रतिभाताई पाटील यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि निकालानंतर राजीनामा दिला.

अधिकारांबद्दल शंका नको. उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून कार्य करत असोत किंवा कार्ये पार पाडत असोत, राष्ट्रपतींचे सर्व अधिकार आणि संरक्षण त्यांना असतं. 'हंगामी' म्हणून सही हलकी होत नाही. १९ जुलै १९६९ चा बँक राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम गिरींच्या सहीनं निघाला, राजीनाम्याच्या आदल्या दिवशी. आणि मार्च १९७७ मध्ये मोरारजी देसाईंना पंतप्रधानपदाची शपथ दिली ती राष्ट्रपती म्हणून कार्य करणाऱ्या बी. डी. जत्ती यांनी.

सावधान: राज्यपालांचा नमुना इथे लावू नका. डिसेंबर १९७६ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल अली यावर जंग यांचं पदावर असताना निधन झालं आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आर. एम. कांटावाला यांनी राज्यपालांचं काम पाहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, तेव्हा महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे आला. राज्यात काय करायचं हे राष्ट्रपती ठरवतात. राष्ट्रपतिपदासाठी मात्र क्रम कायद्यानं बांधलेला आहे, तिथे कुणी निवड करत नाही.

## टप्पा ५: शपथ

लहान टप्पा, पण विसरला जातो. कलम ६० ची शपथ फक्त निवडून आलेल्या राष्ट्रपतींसाठी नाही. राष्ट्रपती म्हणून कार्य करणारी आणि राष्ट्रपतींची कार्ये पार पाडणारी प्रत्येक व्यक्ती ती घेते. उपराष्ट्रपतींनी कलम ६९ खाली घेतलेली स्वतःच्या पदाची शपथ इथे पुरत नाही.

## टप्पा ६: राज्यसभेची खुर्ची

उपराष्ट्रपती राष्ट्रपतींचं काम करत असतील त्या काळात ते राज्यसभेच्या सभापतींचं काम करत नाहीत. कलम ६४ तसं स्पष्ट सांगतं. ते काम कलम ९१ नुसार उपसभापती पाहतात.

पगाराचा प्रश्न वस्तुनिष्ठ परीक्षेत येतो. उपराष्ट्रपतींना वेतन मिळतं ते राज्यसभेचे सभापती म्हणून. राष्ट्रपतींचं काम करताना ते वेतन थांबतं आणि राष्ट्रपतींचं वेतन व भत्ते लागू होतात. २०१८ मधल्या वाढीनंतर हे आकडे दरमहा अनुक्रमे ४ लाख आणि ५ लाख रुपये आहेत.

## टप्पा ७: घड्याळ कधी सुरू होतं

पद मध्येच रिकामं झालं असेल तरच हे घड्याळ सुरू होतं. असमर्थतेच्या परिस्थितीत निवडणुकीचा विषयच येत नाही, कारण पद रिकामं नसतं.

कलम ६२: निवडणूक शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत पद रिकामं झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मोजणी पद रिकामं झाल्याच्या तारखेपासून करायची, उपराष्ट्रपतींनी शपथ घेतल्यापासून नव्हे. १९७७ मध्ये ती तारीख ११ फेब्रुवारी होती, म्हणजे मर्यादा ११ ऑगस्टची. नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले आणि २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली. तेव्हापासून नवे राष्ट्रपती २५ जुलैलाच शपथ घेत आले आहेत.

आणि निवडून येतील त्यांना पूर्ण पाच वर्षं. रेड्डी १९८२ पर्यंत राहिले. अहमद यांची 'उरलेली' वर्षं त्यांनी भरून काढली नाहीत.

सहा महिने ऐकायला भरपूर वाटतात. प्रत्यक्षात निवडणूक आयोगाला १९५२ च्या कायद्याचं वेळापत्रक पाळावं लागतं. अधिसूचनेनंतर अर्ज भरण्यासाठी चौदाव्या दिवसापर्यंत वेळ, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी अर्ज मागे घेण्याची अखेरची तारीख, आणि त्यानंतर किमान पंधराव्या दिवशी मतदान. म्हणजे साधारण महिनाभर. २०२५ ची उपराष्ट्रपतींची निवडणूक याच कायद्याखाली झाली, तिच्या तारखा समोर ठेवा: ७ ऑगस्ट अधिसूचना, २१ ऑगस्ट अर्जाचा शेवटचा दिवस, २२ ला छाननी, २५ ला माघार (२४ ला रविवार होता), ९ सप्टेंबरला मतदान.

तपासा: मतदार कोण ते नीट लिहिलं आहे ना? राष्ट्रपतींसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. विधानपरिषदेचे आमदार नाहीत, नामनिर्देशित सदस्यही नाहीत. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं, म्हणजे २८८ जागांचे ५०,४००. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र विधानसभेचा संबंधच नाही. तिथे फक्त खासदार मत देतात, आणि त्यांत नामनिर्देशित खासदारही येतात.

## टप्पा ८: उपराष्ट्रपतिपद रिकामं झालं असेल तर वेगळा कागद

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेला दुसरा कागद घ्या. उपराष्ट्रपतिपद रिकामं झालं आणि राष्ट्रपती पदावर आहेत, तर वरचे बहुतेक टप्पे लागूच होत नाहीत.

'हंगामी उपराष्ट्रपती' नावाचं काही नसतं. राज्यसभेचं काम उपसभापती पाहतात. त्यामुळे ते उपराष्ट्रपती होत नाहीत. राजीनामा जातो राष्ट्रपतींकडे. पदावरून दूर करायचं तर महाभियोग लागत नाही: राज्यसभेनं तेव्हाच्या सर्व सदस्यांच्या बहुमतानं ठराव करायचा आणि लोकसभेनं त्याला सहमती द्यायची. आधी १४ दिवसांची सूचना मात्र हवी. आणि कलम ६८ मध्ये सहा महिन्यांची मर्यादा नाही, फक्त 'शक्य तितक्या लवकर' आहे. ६२ ची सहा महिन्यांची अट इथे आणून चिकटवणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

२७ जुलै २००२ रोजी उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचं निधन झालं, तेव्हा १९ ऑगस्टपर्यंत पद रिकामं होतं. २००७ मध्ये शेखावतांच्या राजीनाम्यानंतर ११ ऑगस्टपर्यंत, आणि २०२५ मध्ये धनखड यांच्यानंतर १२ सप्टेंबरपर्यंत. या काळात राष्ट्रपती आपल्या जागी असल्यानं राष्ट्रपतींच्या कामात कुठेही खंड पडला नाही. नवे उपराष्ट्रपतीही उरलेल्या मुदतीसाठी नसतात. त्यांनाही पूर्ण पाच वर्षं.

## हात बसण्यासाठी दोन प्रसंग

दोन्ही काल्पनिक आहेत. कागद झाकून आधी स्वतः सोडवा.

पहिला. राष्ट्रपती शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे काम करू शकणार नाहीत असं कळवतात. परिस्थिती असमर्थतेची, म्हणून कलम ६५ चं दुसरं उपकलम. उपराष्ट्रपती कलम ६० ची शपथ घेऊन कार्ये पार पाडतात. राज्यसभेत उपसभापती. निवडणूक नाही, सहा महिन्यांचं घड्याळ नाही. राष्ट्रपतींची पाच वर्षांची मुदत चालूच राहते. हे तीन आठवडे नंतर वाढवून मिळत नाहीत. ते रुजू झाले की उपराष्ट्रपती आपल्या कामावर परत.

दुसरा. उपराष्ट्रपतिपद आधीच रिकामं आहे, त्याची निवडणूक चालू आहे. १० जानेवारीला राष्ट्रपतींचं निधन होतं. २५ जानेवारीला नवे उपराष्ट्रपती पद ग्रहण करतात.

१० जानेवारीला दोन्ही पदं रिकामी, म्हणून १९६९ चा कायदा आणि सरन्यायाधीश. बहुतेक जण इथपर्यंत बरोबर येतात आणि मग 'नवे राष्ट्रपती निवडून येईपर्यंत सरन्यायाधीशच' असं लिहितात. कायदा तसं म्हणत नाही. नवे राष्ट्रपती येतील किंवा नवे उपराष्ट्रपती येऊन राष्ट्रपती म्हणून कार्य करू लागतील, यांपैकी जे आधी घडेल तोवरच सरन्यायाधीशांचं काम. म्हणून २५ जानेवारीला उपराष्ट्रपती कलम ६० ची शपथ घेऊन राष्ट्रपती म्हणून कार्य करू लागतात आणि सरन्यायाधीश न्यायालयात परततात. राष्ट्रपतींची निवडणूक १० जुलैच्या आत. मोजणी १० जानेवारीपासून, २५ पासून नाही. जे निवडून येतील त्यांना पाच वर्षं.

राज्यसभेत मात्र १० जानेवारीच्या आधीपासून उपसभापती बसत होते आणि २५ जानेवारीनंतरही तेच बसतात. नवे उपराष्ट्रपती आले असले, तरी नवे राष्ट्रपती शपथ घेईपर्यंत ते सभापतींच्या खुर्चीवर बसणार नाहीत.